झाकणाखालचे थेंब

कोंबूचं पार्सल प्रकाशकाच्या कचेरीत आलं ते मोठ्या साहित्य पुरस्काराच्या निकालाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला. समुद्रातून काढून उन्हात वाळवलेली शेवाळाची ती लांबरुंद काळपट पानं नीट घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळली होती आणि वरून सुतळी बांधली होती. चिठ्ठी नाही, नाव नाही. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त गाव लिहिलेलं, उरादोमारी.

मुरोता हा कादंबरीकार चिगुसाचा संपादक. त्यानं पार्सलाचा वास घेतला आणि म्हणाला, "वाचकांचं प्रेम बघा, बाई. कुणी फुलं पाठवतं, कुणी अख्खा मासळीबाजार."

चिगुसा हसली नाही. "वाचकाचं नाहीये हे. आईचं आहे."

मुरोता एकदम सावरून बसला. गेली नऊ वर्षं तो चिगुसाची पुस्तकं काढत होता, आणि या नऊ वर्षांत आईनं लेकीला एक ओळसुद्धा पाठवली नव्हती, हे त्याला माहीत होतं. "मग चांगलंच झालं की! नवीन पुस्तक वाचलं असणार त्यांनी."

"ही सुतळी बघा. कोंबू लग्नात देतात आणि शोकातही देतात. लग्नाला लाल-पांढरी दोरी, शोकाला काळी-पांढरी. माझ्या आईनं जन्मात कधी दोरी चुकवली नाही. आणि ही नुसती सुतळी. म्हणजे मी काय समजायचं?"

 मुरोतानं चहा मागवला.

चिगुसा नऊ वर्षांची असताना तिचा बाप गेन्पेई माकूळ धरायला गेला तो परतलाच नाही. होडीवर पाच जण होते. महिन्याभरानं एक फळी आणि दोन बोये तेवढे किनाऱ्याला लागले. चार घरांनी रिकाम्या पेटीत कुणाचा वस्तरा, कुणाची टोपी ठेवून क्रियाकर्म उरकलं. पाचव्या घरानं, म्हणजे तिच्या आईनं, हात्सुएनं, साफ नकार दिला. देवळातले भिक्षू समजूत घालायला आले, त्यांना चहा पाजून तिनं वाटेला लावलं. "माणूस आलेला नाही, एवढं मला माहीत आहे. मेलाय असं मला कुणी येऊन सांगितलेलं नाही." गेन्पेईचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात गेला नाही. तो कपाटावरच राहिला, त्याच्या टोपीशेजारी.

त्या दिवसापासून हात्सुए रोज संध्याकाळी नवऱ्याचं सावलीचं ताट वाढू लागली. या किनाऱ्यावर लांब गेलेल्या माणसासाठी असं ताट वाढतात. भात, मासा, झाकणाच्या वाडग्यात गरम सूप, आणि खायच्या काड्या आडव्या. उभ्या खोचायच्या नाहीत, त्या मेलेल्याच्या भातात. घरच्यांचं जेवण झालं की झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरले असतील तर माणूस जिथे असेल तिथे सुखरूप आहे.

बारा वर्षांची झाल्यावर चिगुसानं स्वतःच्या सूपवर झाकण ठेवून बघितलं. मग शेजारच्या मांजराच्या गरम पेजेवर ठेवून बघितलं. थेंब सगळीकडे धरत होते. तेव्हा तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते तीस वर्षांनी, आणि सांगितलं तेही अख्ख्या देशाला.

तिची पहिली गाजलेली कादंबरी या घराचीच होती. तिच्यात एक मुलगी 'मी, मी' करत आपली गोष्ट सांगते, आणि तिची आई शेवटी थकून रिकाम्या पेटीचं क्रियाकर्म करते. प्रकाशकानं पुस्तकावर कागदी पट्टा चढवला आणि त्यावर त्यातलीच एक ओळ छापली: 'सूप कुणासाठीही वाढा, झाकणाला थेंब धरतातच.' पुस्तक धडाधड खपलं. आता आपल्याकडच्या वाचकाची खोड अशी की, पुस्तकात 'मी' दिसला की तो लेखकच, आणि लिहिलंय ते सगळं घडलेलं. लोकांनी पुस्तक वाचलं, डोळे पुसले, आणि उदबत्त्या विकत घेतल्या. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कुठून कुठून हात्सुएच्या नावानं उदबत्त्यांचे पुडे येऊ लागले. 'आपल्या दिवंगत पतीसाठी.' एकशे त्रेचाळीस पुडे. पोस्टमनला दोन खेपा कराव्या लागत.

हात्सुएनं मुलीला फोन केला. "समुद्रानं नाही मारलं, तू मारलंस," एवढंच ती म्हणाली. पुढे चिगुसानं केलेले फोन तिनं उचलले नाहीत. पत्रं न फोडता परत आली. चिगुसा एकदा गावी गेली तर दार आतून बंद होतं, आणि धुराड्यातून धूर मात्र निघत होता.

त्यानंतर तिनं आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. एकीत भाऊ हरवतो, एकीत नवरा. समीक्षक तिला वियोगाची लेखिका म्हणू लागले. तिला स्वतःला वाटे, मी एकाच घराची कडी वेगवेगळ्या बाजूंनी वाजवतेय आणि आतून कुणी उघडत नाहीये. तिन्ही पुस्तकं त्या मोठ्या पुरस्काराच्या यादीत लागली. तिन्ही वेळा ती मुरोताबरोबर ठरलेल्या खानावळीत, ठरलेल्या टेबलाशी फोनची वाट बघत बसली, आणि तिन्ही वेळा दोघांनी थंडगार कोंबडी खाल्ली.

मग दोन वर्षांपूर्वी एका दुकानात ती वाचकांना सह्या देत असताना एक निवृत्त मास्तर पुढे आले. त्यांनी कधीकाळी उदबत्त्या पाठवल्या होत्या, आणि त्यांना उत्तर आलं होतं. ते त्यांनी जपून ठेवलं होतं. चिगुसानं रांगेतल्या लोकांसमोरच ते वाचलं. अक्षर आईचं.

'आपण पाठवलेल्या उदबत्त्या पोचल्या. आभारी आहे. परंतु माझे पती परतलेले नाहीत, एवढंच खरं आहे. ते वारल्याची बातमी आमच्यापर्यंत आलेली नाही. उदबत्त्या देवळात दिल्या. सोबत थोडा कोंबू पाठवते, घरी वाळवलेला आहे. अर्धा तास पाण्यात भिजवावा. माझी मुलगी चांगलं लिहिते. तिची माहिती चुकीची आहे, इतकंच.'

शोकाची वस्तू आली की उलट काहीतरी पाठवावंच लागतं. ही रीत हात्सुएनं शोक नसतानाही पाळली होती. एकशे त्रेचाळीस वेळा. माकूळ साफ करून करून बधिर झालेल्या बोटांनी तिनं एकेक पत्र लिहिलं होतं, आणि बहुधा प्रत्येकात ते वाक्यही घातलं होतं. चिगुसानं त्या दिवशी पुढच्या सह्या रडत रडतच दिल्या.

त्यातून नवी कादंबरी झाली, 'एकशे त्रेचाळीस उत्तरं'. यात 'मी' आई होती. पहिली प्रत चिगुसानं उरादोमारीला पाठवली. चार महिने झाले, ती परत आली नव्हती. आणि आता हा कोंबू.

"मी उद्या गावी जाते," ती म्हणाली.

मुरोताचा चहा सांडला. "उद्या? उद्या संध्याकाळी निकाल आहे, बाई! परीक्षक मंडळ फोन करणार, पुरस्कार स्वीकारता का विचारणार, तुम्ही हो म्हणणार, मग पत्रकार. आणि तुमच्या त्या गावात मोबाइल लागतो तो फक्त धक्क्याच्या टोकाला, हे तुम्हीच लिहिलंय."

"घरात फोन आहे. त्यांना तो नंबर द्या."

"आणि आईंनी तो ठेवून दिला तर?"

"तर तुम्ही एकटेच कोंबडी खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती बसमधून उतरली. जानेवारी असल्यामुळे छपरांवर बर्फ होतं. थांब्याशीच योनेकाकूंचं टोफूचं दुकान. काकूंनी फडक्याला हात पुसत तिला खालून वरून न्याहाळलं.

"अगं मेले, होतीस कुठं इतकी वर्षं?"

"तोक्योत, काकू."

"ते माहितेय. तुझ्या पुस्तकापायी माझं भिंग गेलं. चार महिने झाले, तुझी आई परत देईना. डोळ्यात मोतीबिंदू, डॉक्टरकडे जायला नको. म्हटलं, आण इकडे, मी वाचून दाखवते. तर म्हणते कशी, तू मधेमधे तुझं घालशील."

"आवडलं का तिला?" चिगुसानं विचारलं. शाळेतल्या पोरीसारखा तिचा आवाज बारीक झाला.

"मला काय विचारतेस? मी काय तिची पोस्टमन आहे?" काकूंनी पाण्यातून टोफूच्या वड्या काढून पिशवीत घातल्या. "जातेच आहेस तर एवढ्या ने. तीन आहेत. रोज तीन लागतात तिला."

म्हातारीची भूक चांगली आहे म्हणायची, असं मनात म्हणत चिगुसा चढणीला लागली. पुढे विचार करण्याइतकं तिचं डोकं जाग्यावर नव्हतं.

या गावात घरी येणारा दारातून 'आले' म्हणतो आणि घरातला माणूस 'आलीस' म्हणतो. मासेमारीच्या गावात हे शब्द कुणी गिळत नाही, भांडणातसुद्धा नाही. आत बसलेली तिची आई तो एक शब्द म्हणते की नाही, एवढ्यासाठी चिगुसा इतक्या लांब आली होती. पुरस्काराचं बसमध्ये बसल्यापासून तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

दार आतून बंद नव्हतं. तिनं ते सरकवलं. "आले."

आतून भांड्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "जोडे नीट लाव. टोफू सांडशील."

तो शब्द नाही आला. चिगुसानं जोडे नीट लावले.

हात्सुए चुलीपाशी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणखी बुटकी झालेली, डोळ्यांवर पांढुरकी साय आलेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. टेबलावर योनेकाकूंचं भिंग होतं आणि त्याखाली कादंबरी. तिच्यातून कागदाच्या कपट्यांचा झुपका बाहेर आला होता. चिगुसानं कपटे मोजायला सुरुवात केली आणि विसाशी सोडून दिली.

"वाचलंस?"

"तीनदा." हात्सुए मुळा चिरत राहिली. "या पुस्तकातली बाई फार रडते. बासष्टाव्या पानावर रडते, मग एकशे चारवर रडते. पत्रं लिहिताना कुणी रडतं का? शाई फुटते."

"नाही रडलीस तू?"

"मला वेळ कुठं होता? एकशे त्रेचाळीस पत्रं होती. आणि कोंबू एक तास भिजवा असं लिहिलंयस. एक तास! लोकांच्या घरी गिळगिळीत लगदा होईल आणि नाव माझं. अर्धा तास लिहिलं होतं मी, अक्षर लागलं नाही का?"

"चुकलं."

"तुझं नेहमी असंच. मोठं-मोठं बरोबर लिहितेस आणि घरातलं चुकवतेस."

मोठं बरोबर लिहितेस. चिगुसानं ते शब्द ऐकले आणि लगेच कुठे तरी आत ठेवून दिले, आई परत घेईल या भीतीनं. ती म्हणाली, "कोंबू पोचला. दोरी का नाही बांधलीस? मी रात्रभर डोक्याला हात लावून बसले."

हात्सुएची सुरी थांबली. "कुठली बांधू? काळी-पांढरी बांधली तर तुला शोकवाल्यांच्या रांगेत बसवल्यासारखं झालं असतं. लाल-पांढरी बांधली तर मागचं सगळं सोडलं असं झालं असतं. मला ठरवता येईना. पुस्तक आलं तर उलट काहीतरी जायलाच हवं, म्हणून पाठवून दिला." तिनं मुळा वाडग्यात ढकलला. "पाच वाजत आलेत. ताटं घेते."

चिगुसा मदतीला उठली, तर आईनं तिला हातानं खाली बसवलं. मग ती नुसती बघत राहिली. हात्सुएनं समुद्राच्या बाजूच्या भिंतीशी बसायची गादी टाकली, पुढे तबक ठेवलं. भात, भाजलेला बांगडा, टोफूची वडी, काळ्या वाडग्यात सूप, वर झाकण, काड्या आडव्या. ते बापाचं ताट. त्याची जागा बेचाळीस वर्षांत हललेली नव्हती.

मग हात्सुएनं दुसरी गादी आणली, डोंगराच्या बाजूला टाकली आणि तिच्यापुढे आणखी एक तबक ठेवलं. त्यावर छोटा लाल वाडगा होता, काठावर टवका उडालेला. सातव्या वर्षी तो चिगुसाच्याच हातून पडला होता. तोक्योची दिशा तीच, डोंगराची.

आधी चिगुसाला वाटलं, मी आलेय म्हणून मला वाढलं. मग तिनं गादी पाहिली. मधे कोरी, काठांना मात्र रोज उचलून-ठेवून झिजलेली. आणि तिला योनेकाकूंच्या तीन वड्या आठवल्या.

"आई, हे कधीपासून?"

"तुला तो फोन केला ना, त्या संध्याकाळपासून."

"नऊ वर्षं? रोज?"

"नाही तर काय, एक दिवसाआड जेवतेस तू?"

 तोक्योत चिगुसा डब्यातला गार भात उभ्याउभ्या खात होती, बक्षीस हुकलं म्हणून उशीत तोंड खुपसून रडत होती, परत आलेल्या पत्रांची चवड लावत होती, त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी या घरात तिचं सूप गरम होतं. आपण या घराच्या बाहेर आहोत असं समजून तिनं चार पुस्तकं लिहिली, आणि एकाही संध्याकाळी ती बाहेर नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट आनंद झाला.

हात्सुए समोर बसली. "आता मला सांग. तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते. रोज मी तुझं झाकण उचललं. रोज थेंब होते. एक दिवस चुकला नाही. तू जिवंत होतीस ना?"

"होते."

"सुखरूप?"

"सुखरूप होते."

"मग झाकण खोटं कसं?"

 सूप कुणासाठीही वाढा, असं चिगुसानं लिहिलं होतं. ते वाक्य हजारो पुस्तकांच्या पट्ट्यांवर छापलं गेलं होतं. आणि इथे समोर ती स्वतः बसली होती, पुरावा म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला.

तो कोपऱ्यात, हात्सुएच्या जवळ होता. चिगुसा उठायच्या आत तिनं उचलला. पलीकडून कुणीतरी फार अदबीनं, लांबलचक बोलत होतं. हात्सुए ऐकत राहिली.

"हो, मी तिची आई. नाही, ती येऊ शकत नाही. जेवायला बसतेय." पलीकडे गडबड उडाली असावी. "अहो, सूप गार होतंय. काय? काय विचारायचंय? बक्षीस घेणार का?" तिनं रिसीव्हरवर हात न ठेवताच मुलीकडे पाहिलं. "बक्षीस दिलंय म्हणे तुला. घेणार का विचारतायत."

चिगुसानं होकारार्थी मान हलवली. एवढ्या अंतरावरून आईला ती दिसणार नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. पण हात्सुए थांबलीच नाही.

"घेईल की. का नाही घेणार? चौथ्यांदा विचारताय. पहिल्यांदाच दिलं असतं तर एवढे हेलपाटे नसते झाले." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुमचा पत्ता कळवा. उलट काहीतरी पाठवावं लागेल." तिनं फोन ठेवला.

चिगुसा हसायला लागली. हसता हसता तिला हुंदके फुटले, आणि ती टेबलावर पालथी पडून दोन्ही एकदम करत राहिली. आपण जिंकलो, हे तिला आत्ता कळत होतं. फोनच्या आधीच जिंकलो होतो, हेही.

"पुरे," आई म्हणाली. "त्या कागदी पट्ट्यावर आता काय छापणार तुमचा तो प्रकाशक?"

"पुरस्कार मिळाला असं."

"तेवढंच छापा म्हणावं. बाकीचं शहाणपण नको. आणि जाताना योनेकडे लाल-पांढरी दोरी बघ. माझ्याकडची संपली असेल, बरेच दिवसांत लागली नाही."

मग हात्सुए उठली. तिनं डोंगराकडचं तबक उचललं, गादी पायानं बाजूला सारली, आणि ते मुलीसमोर टेबलावर ठेवलं. लाल वाडगा, टवका तिच्याकडे. समुद्राकडचं तबक तिथेच राहिलं. हात्सुए त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि बसूनच राहिली.

"इकडे ये जरा. तू बघ त्यांचं झाकण. दोन वर्षं झाली, मला थेंब दिसत नाहीत, आता भिंगातूनही नाही. बोट लावून बघते, पण बोटांनाही आता ओलं-कोरडं कळत नाही."

चिगुसा तिच्याशेजारी जाऊन बसली. दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई काही न दिसता रोज झाकण उचलत होती. चिगुसानं काळं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि उजेडाकडे वळवलं. सगळ्या झाकणांना धरतात तसेच थेंब होते.

"आहेत," ती म्हणाली.

"नीट बघ. आईचं मन राखायला सांगू नकोस. लेखिका तू, तुझा भरवसा नाही."

"आहेत, आई. खूप आहेत. एक ओघळतोय बघ." तिनं आईचं बोट धरून त्या थेंबावर टेकवलं. "बाबा सुखरूप आहेत."

हात्सुएनं हूं केलं. बोट कुठेही न पुसता तसंच ठेवलं. मग मुलीच्या तोंडाकडे, दिसतंय तेवढं, बघत म्हणाली, "आलीस."

"आले," चिगुसा म्हणाली.

कोपऱ्यात फोन पुन्हा वाजायला लागला होता. दोघींनी तो वाजू दिला, आणि सूप गरम होतं तोवर जेवून घेतलं.